भागीरथाबाईंची शुगर कशी उतरली

प्रताप नगरातल्या ज्या गल्लीत भागीरथाबाई राहतात, तिथे कुणाची शुगर किती हे लपून राहत नाही. घरातली भांडणं लपतात, पोरांचे मार्क लपतात, पण शुगर नाही. भाजीच्या गाडीपाशी चार बाया जमल्या की आधी कोथिंबिरीवर घासाघीस, आणि लगेच उपाशीपोटी किती, जेवल्यावर किती. त्यामुळे भागीरथाबाईंची शुगर एकाएकी उतरली, ही बातमी दुपारपर्यंत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचली यात नवल नव्हतं. ती कशी उतरली, हे मात्र एकालाही ठाऊक नव्हतं, आणि ज्या बाईला ठाऊक होतं ती सांगत नव्हती.

आधी बाई कोण ते सांगायला हवं. भागीरथाबाई मूळच्या उमरेडच्या, कोष्ट्याघरच्या. बाप मागावर बसायचा, आई सुताच्या कांड्या भरायची. लग्न होऊन नागपुरात आल्या तेव्हा सासरीही माग होता, पण तो असून नसल्यासारखा. नवरा नत्थूजी पुढे एका कापडाच्या दुकानात लागला आणि माग भंगारात गेला. बाईंच्या बोटांतली कला मात्र गेली नाही. त्या रफू करायच्या. साडीच्या आतल्या टोकातून, जिथे कुणाची नजर जात नाही अशा जागेवरून, धागा काढायचा आणि फाटलेली जागा अशी भरायची की खुद्द मालकिणीलाही सापडू नये. भोक बुजवायचं आणि वर काही दिसू द्यायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. ती साडीपुरती राहिली असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

नत्थूजी गेले आणि वर्षाच्या आत बाईंना शुगर निघाली. मुलगा भूपेश विमा कंपनीत, सून रुचिका शाळेत शिकवते. दोघंही चांगली. रुचिका रोज सकाळी डबे भरता भरता सासूच्या गोळ्या एका वाटीत काढून ठेवायची आणि शाळेला पळायची. ती गेली की भागीरथाबाई वाटी उचलायच्या, गॅलरीत जायच्या आणि गोळ्या सदाफुलीच्या कुंडीत पुरायच्या.

का? विचारलं असतं तर त्यांना धड सांगता आलं नसतं. गोळीनं मळमळायचं, हे खरं. पण त्याहून खरं हे की आपण असलो काय आणि नसलो काय, कुणाच्या दिवसात काही अडत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. घरात माया होती, हाडतूड नव्हती. पण सकाळी दोघं गेली की संध्याकाळपर्यंत घरात बोलायला भिंती. जेवायची वेळ टळायची, मग भूक मरायची, मग दुपारी बिस्किटाचा अख्खा पुडा फस्त व्हायचा. रात्री डोळा लागायचा नाही. डॉक्टर गोळी वाढवायचे आणि वाढवलेली गोळीही कुंडीत जायची. सदाफुली बाकी जोमात होती.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून त्या बगीच्यात जायच्या आणि बाकावर बसून परत यायच्या. तिथेच एका संध्याकाळी एक उंच, टकलावर रुमाल टाकलेला माणूस त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाई, तुमी इथं चालाले येता का बसाले? मी कवापासून पाहून राहिलो."

"तुमाले काय करायचं जी?" भागीरथाबाई फटकन म्हणाल्या.

"काही नाही. एसटीत कंडक्टर होतो. बसलेल्याले उठवायची सवय हाये."

बाईंना हसू आलं. नत्थूजी गेल्यापासून आपण असं परक्या माणसासमोर दात काढून हसलो नव्हतो, हे त्यांच्या घरी जाताना लक्षात आलं आणि त्यांनी उगाच पदर नीट केला.

त्या माणसाचं नाव प्रेमानंद गजभिये. पारशिवनीकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, जवळच मुलीकडे राहायचे. हळूहळू बाक सुटून एक फेरी झाली, एकीच्या चार झाल्या. चालताना दोघं बोलायचे ते संत्र्याबद्दल, गुडघ्याबद्दल, कोणत्या फाट्यावर कोणती बस कधी बंद पडली याबद्दल. आणि बोलता बोलता एकदा बाई हसत हसत सांगून बसल्या की मी तर गोळ्या कुंडीत टाकते.

प्रेमानंद हसले नाहीत. ते चालायचे थांबले.

"माझ्या बाईनं बी मले असंच फसवलं," ते म्हणाले. "बीपीच्या गोळ्या गादीखाली भेटल्या. ती गेल्यावर. तुमी काहून असं करून राहिल्या? कोनावर राग काढून राहिल्या?"

निघताना त्यांनी बाईंचा नंबर मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी, रुचिका बाहेर पडल्यावर, त्यांचा फोन वाजला. "गोळी घेतली का जी?" एवढंच. संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बाई फोन वाजायच्या आधीच पाण्याचा पेला हातात धरून उभ्या होत्या.

आता याला प्रेम म्हणायचं का, असं कुणी नाक मुरडून विचारील. म्हणायचं. दुसरं काय म्हणणार? कुणी रोज आपल्या जिवाची चौकशी करतं आणि आपण त्याच्याशी खोटं बोलू शकत नाही, तर त्याला तेच नाव आहे. भागीरथाबाई वेळेवर जेवू लागल्या, कारण जेवली का हेही विचारलं जायचं. रात्री झोप लागू लागली. चालायला त्यांनी नवे बूट घेतले, साडीवर बूट. एकदा घाईत प्रेमानंदांच्या तोंडून 'जी'च्या ऐवजी, घरच्या बाईला म्हणावं तसं, "सावकाश चाल वं" असं निघून गेलं आणि बाई घरी येईपर्यंत लाल झालेल्या होत्या.

आणि तितक्याच शरमेनं मेल्या होत्या. हेही सांगायलाच हवं. विधवा बाई, केस पांढरे, उद्या नातवंड मांडीवर खेळायचं, आणि हे काय चाळे, असं त्या स्वतःलाच बोलायच्या. फोनमध्ये प्रेमानंदांचं नाव 'पिको-फॉलवाले' असं ठेवलं होतं. शिवाय जात. कोष्ट्यांच्या घरात गजभिये हे आडनाव काढलं तर काय होईल, हे त्यांना माहीत होतं. भूपेशच्या तोंडून याबाबत काय काय निघतं ते त्यांनी ऐकलं होतं. तरुणपणी तेच त्यांच्या स्वतःच्याही तोंडून निघालेलं होतं. ते आठवलं की प्रेमानंदांकडे बघायचीही त्यांना लाज वाटायची.

असंच एकदा गावाकडून येताना प्रेमानंदांनी बीजाच्या लाकडाचा पेला आणला. आपल्याकडे जंगलभागात हे जुनंच आहे. त्या पेल्यात रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी ते चहासारखं तांबूस होतं, आणि शुगरवाले ते उपाशीपोटी पितात.

"फायदा होते का नाही, मले नाही माहीत," प्रेमानंद म्हणाले होते. "पन सकाळी पानी पेताना माझी आठवन तं येईल."

मग तपासणी झाली. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला. रुचिका तर आनंदानं ओरडलीच. "आई, काय केलं तुम्ही? गोळ्या तर त्याच होत्या!"

भागीरथाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आता गोळ्या घेते म्हणावं, तर आधी काय करत होतीस? चालते म्हणावं, तर कुणासोबत? एक धागा ओढला की सगळं उसवणार. त्यांनी जन्माच्या सवयीनं भोक बुजवलं.

"तो बीजाचा पेला नाही का," त्या म्हणाल्या. "त्याचं पानी पेते मी. रस्त्यावर विकाले आलता, घेतला."

झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बाया पेला बघायला घरात. त्यांना हात लावून बघायचा होता, वास घ्यायचा होता, आम्हालाही मागवून दे म्हणायचं होतं. भागीरथाबाई, ज्यांना आजवर गल्लीत कुणी भिशीची तारीखसुद्धा विचारत नसे, त्या रातोरात वैद्य झाल्या. पाणी किती वाजता भरायचं, कोणत्या कुशीवर झोपून उठल्यावर प्यायचं, असलं काहीबाही त्या ठोकून देऊ लागल्या. बायांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि त्याही खुशीनं चढल्या. खोटं बोलल्याचं त्यांना वाटत होतं, पण कुणी आपलं ऐकतंय याचं सुख जास्त होतं. ही गोष्ट नंतर त्यांना सगळ्यात जास्त बोचली.

प्रेमानंदांनी पेले आणून दिले. पण देताना बजावलं. "गोळ्या कोनीच सोडायच्या नाही म्हना. सगळ्याइले सांगा. नाहीतं लफडं होईल." बाई हो म्हणाल्या आणि कुणालाही बोलल्या नाहीत. गोळ्यांचा विषय निघाला की त्यांना कुंडी आठवायची.

शेजारच्या कौसल्याबाई या सगळ्यांत भाबड्या. वयानं थोड्या मोठ्या, शुगर फार जुनी, गोळ्यांची मूठ घ्यावी लागायची. त्यांचे यजमान मनोहरराव निवृत्त झाल्यापासून दिवसभर पेपर वाचायचे आणि भाजीत मीठ कमी आहे एवढंच बायकोशी बोलायचे. कौसल्याबाईंनी एकदा सगळ्यांसमोर सरळ विचारलं, "पन खरं सांग भागीरथा, गुन कशानं आला? गोळीनं का पेल्यानं?"

"गोळ्या तं आधीबी होत्याच," भागीरथाबाई म्हणाल्या. "फरक पडला तो पेल्यानंच."

थोड्या दिवसांनी भाजीच्या गाडीपाशी कौसल्याबाईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि कानाशी लागून सांगितलं, "मी तं गोळ्याइले रामराम ठोकला वं. निस्तं पानी. एकदम हलकं वाटून राहिलं."

हीच वेळ होती. दोन वाक्यं बोलायची होती, तीही एकट्या कौसल्येशी, आजूबाजूला कुणी नव्हतं. भागीरथाबाई वांगी निवडत राहिल्या. "डॉक्टरले इचारून घेजो," असं काहीतरी पुटपुटल्या, तेही इतक्या हळू की ते आपल्याच समाधानासाठी होतं हे त्यांना कळत होतं.

महिना सरायच्या आत कौसल्याबाईंच्या पायाच्या अंगठ्याला साधं नख लागलं, ते चिघळलं, ताप चढला, आणि एका दुपारी त्या बोलता बोलता गुंगीत गेल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा मशीनवर शुगरचा आकडाच येईना, इतकी ती चढलेली. अंगठा वाचेल की नाही, दोन दिवस कुणी सांगू शकत नव्हतं. गल्लीत कुणीतरी म्हणालं, गोळ्या बंद केल्या होत्या म्हणे.

भागीरथाबाईंनी गुडघा धरून बसायचं सोंग केलं. सगळ्या बाया भेटून आल्या, त्या गेल्या नाहीत. रात्री कूस बदलत पडायच्या. सकाळचा तांबूस पाण्याचा पेला त्यांनी बेसिनमध्ये ओतला. प्रेमानंदांचा फोन आला तेव्हा सगळं सांगितलं.

"मंग तुमी त्याइले सांगतलं होतं नं, गोळ्या सोडू नका म्हनून?"

बाईंनी गॅलरीचं दार ओढून घेतलं.

"सांगतलं होतं का नाही, भागीरथाबाई?"

"नाही."

प्रेमानंद म्हणाले, "माझं नाव लपवा. जनमभर लपवा, मी काही म्हननार नाही. तुमच्या घरी काय होईल, मले समजते. पन त्या बाईच्या जिवावर लपवू नका." आणि त्या दिवशी पहिल्यांदा, गोळी घेतली का हे न विचारता, त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी भागीरथाबाई रुचिकासोबत दवाखान्यात गेल्या. वॉर्डाच्या बाहेर खुर्चीवर मनोहरराव बसले होते. त्यांनी रुचिकाला विचारलं, सुट्टी कधी देतील काही समजते का, बाहेरचं खाऊन माझं पोट पार बिघडलं. आत या म्हटलं तर म्हणाले, मला तो वास सहन होत नाही.

कौसल्याबाई आत सलाईनला जखडून पडल्या होत्या. पायाला मोठं बँडेज. अंगठा वाचला होता. भागीरथाबाईंना पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि त्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघवेना.

"आली का वं? मी वाटच पाहून राहिली. माझंच चुकलं वं, भागीरथा. दोन-तीनदा उठाले उशीर झाला, पानी चहानंतर पेली. त्यानंच झालं असन. आता घरी गेली का बरोबर करते."

"आन् गोळ्या?"

"इथं देऊन राहिले तं घेऊन राहिली. घरी कोन घेते? तुले गुन आला, मले बी येईनच."

म्हणजे ही घरी जाणार आणि पुन्हा तेच करणार. पुढच्या वेळी अंगठ्यावर भागणार नव्हतं. भागीरथाबाईंनी मागे बघितलं. रुचिका फळांची पिशवी घेऊन उभी होती. तिला बाहेर पाठवावं, काहीतरी निमित्त काढून, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्या विचाराचीच त्यांना किळस आली.

"पेल्यानं काही झालं नाही, कौसल्या," त्या म्हणाल्या. "माझी शुगर गोळ्यानं उतरली."

"गोळ्या तं तू आधीबी घेत होती."

"नव्हती घेत. कुंडीत टाकत होती. रुचिका काढून ठेवे, आन् मी टाकून देत होती."

मागे फळांची पिशवी खाली टेकल्याचा आवाज झाला.

"मंग घ्याले काहून लागली?"

भागीरथाबाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण दवाखान्याची फरशी चांगली घट्ट होती. खाली मान घालून त्या म्हणाल्या, "एक मानूस मले रोज इचारते. गोळी घेतली का म्हनून. बगीच्यात भेटले. त्याइच्यासोबत चालते मी. प्रेमानंद गजभिये नाव हाये. पेला बी त्याइनंच देल्ला. तू मले इचारलं तवा हे सांगाची लाज वाटली मले. आन् तू गोळ्या सोडल्या म्हनून सांगतलं, तवा बी मी लाजेनंच चूप बसली."

बोलणं संपलं. आडनावासकट सगळं बाहेर आलं होतं. त्यांनी रुचिकाकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर सोपं झालं असतं.

"रोज सकाळी मीच ठेवत होते, आई," रुचिका हळूच म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही घेता." आणि ती बाहेर निघून गेली. गजभिये नावाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तिला लागलं होतं ते वेगळंच.

कौसल्याबाई छताकडे बघत होत्या. शिव्या देतील, ओरडतील, नर्सला बोलावतील, यासाठी भागीरथाबाईंनी अंग चोरून ठेवलं होतं. तसं काही झालं नाही.

"रोज इचारते?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"हो."

"आन् जेवली का, ते बी?"

"ते बी."

कौसल्याबाईंनी मान वळवून दाराकडे बघितलं. मनोहररावांचा खांदा आणि वर्तमानपत्राचा कोपरा तेवढा दिसत होता.

"मले वाटलं, पानीच हाये," त्या म्हणाल्या. "पानी तं कोनालेबी पेता येते. हे आधी सांगतलं असतं तं मी आस तरी लावली नसती."

भागीरथाबाईंना रडू फुटलं. त्यांनी कौसल्याबाईंचा सलाईन नसलेला हात धरला. "गोळ्या घे वं, कौसल्या. तुझ्या पाया पडते. सोडू नको."

"घेईन. मराची हौस नाही मले." आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "पन तुले इचारनारं कोनी तरी हाये. मी घेतली म्हनून कोनाले सांगू?"

"मले सांग. मी इचारीन रोज. सकाळी इचारीन, संध्याकाळी इचारीन."

कौसल्याबाईंनी आपला हात हळूच सोडवून घेतला आणि चादरीखाली नेला.

"तुले कशी सांगू?" त्या म्हणाल्या. "तू तं माझ्या तोंडावर खोटी बोलली."

भागीरथाबाईंना उठून जावंसं वाटत होतं, पण आज उठलो तर पुन्हा हिच्या दारात यायचं तोंड राहणार नाही, हे त्यांना कळत होतं. नर्स दुपारच्या गोळ्या घेऊन आली. कौसल्याबाईंनी त्यांच्याकडे न बघता तोंड उघडलं, आणि भागीरथाबाई मान खाली घालून तिथेच स्टुलावर बसून राहिल्या.